थंडी प्यायलेले कंद

(दृश्य: बर्फाचा विरळ थर, त्यातून वर आलेली पांढरी फुलं)

झाडांवर अजून एक पान नाही, माती रात्री गोठतेय, आणि स्नोड्रॉप, हे कंदातून उगवणारं छोटं पांढरं फूल, फुललंय. त्याच्या पानांची टोकं जवळून पाहा. ती टणक असतात, कारण गोठलेली माती फोडून वर यायचं काम त्यांच्याकडे आहे. कडाक्याच्या रात्री हे रोप मलूल होऊन जमिनीवर लोळतं. पाहणाऱ्याला वाटतं, गेलं. दुपारी ऊब मिळाली की तेच पुन्हा ताठ उभं राहतं.

हे फूल आज दिसतंय, पण कंदाच्या पोटात त्याची कळी धरली ती गेल्या वसंतानंतर, पानं वाळून कंद निजलाय असं वरून वाटत होतं तेव्हा. डॅफोडिलचंही तसंच. आणि तयार कळी उमलायला ऊब पुरत नाही, त्याआधी थंडी लागते. ट्युलिपच्या कंदाला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंश सेल्सिअसच्या खालची थंडी मिळावी लागते. ती कमी पडली तर दांडा खुजा राहतो, कधी कळी आतल्या आत सुकते. म्हणूनच हिवाळा सौम्य असेल तिथे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. मात्र शेजारी सफरचंद नको. पिकत्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू आतल्या कळीची नासाडी करतो.

(दृश्य: शरद ऋतू, कंद लावणारे हात)

तेव्हा वसंताची बाग शरदातच लावायची. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर, आणि माती पाणी धरून ठेवणारी नको. थंडीपेक्षा साचलेल्या पाण्याने कुजूनच जास्त कंद मरतात. विंटर अकोनाइट या पिवळ्या फुलाच्या रोपाचे सुकलेले गड्डे रात्रभर पाण्यात भिजवून लावावेत. स्नोड्रॉपला तर सुकणंच सोसत नाही. फुलं ओसरल्यावर, पानं हिरवी असतानाच झुपका सोडवून दुसरीकडे लावला, तर तो चटकन रुजतो.

(दृश्य: क्रोकसवर बसलेली बंबलबी)

ही बंबलबीची, म्हणजे गुबगुबीत केसाळ रानमाशीची राणी. अख्खा हिवाळा तिने मातीत एकटीने काढलाय. उडण्याचे स्नायू थरथरवून ती अंगात ऊब आणते, त्याला इंधन लागतं, आणि या दिवसांत मध-पराग देणारी फुलं मोजकीच. क्रोकस ऊब मिळाली की उघडतो, गारवा वाढला की मिटतो, त्यामुळे आतले पराग सुरक्षित राहतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एकेरी पाकळ्यांची वाणं निवडा. भरगच्च दुहेरी फुलं दिसायला देखणी, पण बहुतेकांत या राणीच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

कंदांच्या जोडीला झुडपं आणि वर्षानुवर्षं टिकणारी रोपंही हवीत. विच हेझलच्या रिबिनीसारख्या पाकळ्या थंडी वाढली की गुंडाळून जातात, म्हणून त्या वाचतात. हेलेबोर या रोपाच्या फुलात ज्यांना आपण पाकळ्या समजतो, ती खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दलं असतात, म्हणूनच फूल कितीतरी आठवडे टिकतं.

यांतली बरीच झाडं विषारी आहेत. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो, तो स्वयंपाकघरापासून लांबच ठेवा. स्नोड्रॉप आणि डॅफोडिलमध्ये असणारं गॅलँटामाइन मात्र अल्झायमरच्या रुग्णांसाठी औषध म्हणून वापरलं जातं.

(दृश्य: पिवळी पडत चाललेली पानं)

बहर सरला की हात शिवशिवतात, ही मरगळलेली पानं कापून टाकावीशी वाटतात. थांबा. पुढच्या वर्षीचं फूल याच पानांच्या जिवावर घडणार आहे. निदान सहा आठवडे ती कापू नका, गाठ मारून बांधूही नका. हिरवळीत कंद असतील तर तिथलं गवत तोवर वाढू द्या. सुकलेलं फूल तेवढं खुडा, म्हणजे डॅफोडिलची ताकद बी धरण्यात जाणार नाही. स्नोड्रॉपचं बी मात्र राहू द्या. बियांना चिकटलेल्या स्निग्ध गरासाठी मुंग्या त्या वाहून नेतात आणि नवी रोपं पसरतात. पानं नाहीशी होण्याआधी प्रत्येक झुपक्याजवळ एक काडी खोचून ठेवा, म्हणजे शरदात नवे कंद लावताना फावडं जुन्यांवर पडणार नाही.