सिनात्राचा श्वास

नमस्कार. माझ्याकडे गाणं शिकायला येणारी मुलं पहिल्या महिन्यातच एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, इथे श्वास कुठे घ्यायचा?" मला हा प्रश्न फार आवडतो. गाणाऱ्याला शब्द कळलाय की नाही, ते तिथेच कळतं. आज अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राबद्दल बोलताना मी हाच धागा धरणार आहे. त्याची चार लग्नं, माफियातल्या ओळखी, हॉलिवूडमधली दोस्तमंडळी यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला त्याच्या छातीतल्या हवेबद्दल बोलायचंय.

जन्म १२ डिसेंबर १९१५ चा, न्यू जर्सीतल्या होबोकेन गावचा. मध्ये हडसन नदी आणि पलीकडे मॅनहॅटन. आईवडील दोघंही इटलीहून आलेले. बाळ साडेतेरा पौंडांचं, म्हणजे सहा किलोंच्या वर. डॉक्टरांनी चिमटा लावून ओढून काढलं. त्यात कानाला आणि मानेला जखमा झाल्या, त्यांचे वण जन्मभर राहिले. बाळ श्वासच घेईना. सगळ्यांनी आशा सोडली, तेव्हा आजीने त्याला उचलून गार पाण्याच्या नळाखाली धरलं आणि ते रडलं. त्यांच्या घरात ही गोष्ट अशी सांगितली जायची.

१९३९ साली हा पोरगा न्यू जर्सीतल्या 'रस्टिक कॅबिन' नावाच्या ठिकाणी गायचा आणि लोकांना जेवणही टेबलावर आणून द्यायचा. ट्रम्पेटवादक हॅरी जेम्सने त्याला तिथे ऐकलं आणि आपल्या बँडमध्ये घेतलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गेला. त्याची खरी तालीम तिथे झाली, आणि ती दिली एका ट्रॉम्बोनने.

डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवायचा. ते फुंकून वाजवायचं वाद्य, पण त्याची सुरावट सलग चालायची, मध्ये कुठे तुटायचीच नाही. सिनात्रा मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा, कोट कधी हलतो, श्वास कधी घेतला जातो ते पाहायला. कोट हलायचाच नाही. मग उमगलं की डॉर्सी ओठांच्या कोपऱ्यातून, सुईच्या टोकाएवढ्या फटीतून, चोरून श्वास घेतोय. वाजवणं चालूच. सिनात्राने ठरवलं, आपणही गळ्याने हेच करायचं. तो पोहण्याच्या तलावात पाण्याखाली राहून फुप्फुसं वाढवायला लागला.

आता इथे जरा थांबते. दमसास आपल्याला नवा नाही. पहाटे खर्ज भरणं, एका श्वासात षड्ज किती वेळ टिकतो ते मोजणं, हे आपण लहानपणापासून करतो. पण आपण तो बहुतेकदा तानेसाठी, आलापासाठी कमावतो. सिनात्राने तो वाक्यासाठी कमावला. कवीचं वाक्य दोन ओळींत पसरलं असेल तर ते दोन ओळी न तुटता यायला हवं, जसं माणूस समोरच्याशी बोलतो तसं. त्याच्या आधीचा लोकप्रिय गायक बिंग क्रॉस्बी, त्याने आधीच मायक्रोफोनला जवळचा मित्र केलं होतं, ओरडायची गरज संपवली होती. सिनात्राने त्या जवळिकीत श्वास लपवला. मायक्रोफोन हे वाद्य आहे असं तो मानायचा. 'प'सारखं अक्षर आलं की तोंड जरा बाजूला करायचं, कुजबुजायचं असलं की जवळ यायचं, हे त्याने वाद्य शिकावं तसं शिकून घेतलं.

मग जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १९४२ च्या ३० डिसेंबरला न्यू यॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात तो स्वतंत्रपणे उभा राहिला आणि तरुण मुली किंचाळू लागल्या. १९४४ च्या ऑक्टोबरात त्याच थिएटरबाहेर एवढी गर्दी झाली की पोलिसांच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या.

आणि १९५० साली, कोपाकबाना क्लबात गाताना, तोंड उघडलं तर आवाजच आला नाही. स्वरयंत्रात रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी बोलणंही बंद केलं. त्याच काळात चित्रपट कंपनीने करार संपवला, १९५२ मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्सनेही सोडलं. त्याआधी त्याच्याकडून कुत्र्याच्या भुंकण्यासोबतचं एक गाणंही गाऊन घेतलं गेलं होतं. ते ऐकताना मला अजून वाईट वाटतं. ज्याने शब्दासाठी श्वास कमावला, त्याच्या वाट्याला भुंकणं आलं.

१९५३ साली 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' या चित्रपटात त्याने फक्त आठ हजार डॉलर घेऊन सैनिक माजिओची भूमिका केली आणि पुढच्या वर्षी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळवलं. सगळे पुनरागमनाचं श्रेय त्या ऑस्करला देतात. मला ते पुरेसं वाटत नाही. १९५३ मध्येच कॅपिटॉल रेकॉर्ड्सने त्याला घेतलं आणि त्याची गाठ संगीत संयोजक नेल्सन रिडलशी पडली. हा रिडल मुळात कोण? ट्रॉम्बोनवादक. तोही डॉर्सीच्या बँडमध्ये वाजवलेला!

रिडलला गाणाऱ्याचा श्वास कळायचा. सिनात्राचं वाक्य चालू असताना त्याचा वाद्यवृंद मागे सरतो आणि वाक्य संपलं की त्या फटीत येऊन बसतो. १९५५ ची 'इन द वी स्मॉल अवर्स' ही एलपी ऐका. सोळा गाणी, सगळी एकाच मनःस्थितीची, रात्री उशिरा झोप न येणाऱ्या एकट्या माणसाची. माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हेच. आवाजाला आता पूर्वीची मखमल नाही, तळाशी जराशी खरखर आहे, आणि शब्द तिच्यामुळेच खरे वाटतात. दुसरी बायको, अभिनेत्री एवा गार्डनर, हिच्याशी झालेली ताटातूट त्यात ऐकू येते असं म्हणतात. येत असेलही. पण दुःख सगळ्यांनाच असतं, दम त्यासाठी वेगळा कमवावा लागतो.

पुढच्या वर्षी १२ जानेवारीला 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' रेकॉर्ड झालं. बावीस टेक घेतले त्यांनी. वाद्यवृंद हळूहळू चढत जातो आणि मधोमध मिल्ट बर्नहार्टचा ट्रॉम्बोन फुटून बाहेर येतो. पुन्हा ट्रॉम्बोन.

पुढचं भरभर सांगते. १९६० मध्ये त्याने रिप्रीज ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. १९६६ मध्ये 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' पहिल्या क्रमांकावर गेलं. 'माय वे' १९६८ च्या डिसेंबरात रेकॉर्ड झालं. लोकांना तेच आठवतं; मला त्यात गाण्यापेक्षा छाती पुढे काढणं जास्त दिसतं. १९७१ मध्ये निवृत्ती, दोन वर्षांत परत. शेवटचा जाहीर कार्यक्रम १९९४ च्या डिसेंबरात, मृत्यू १४ मे १९९८ ला. शेवटच्या वर्षांत श्वास आखूड झाला होता, पण तेव्हाही तो वाक्य तोडायचा ते बोलणारा माणूस जिथे थांबेल तिथेच.

आता एक रेकॉर्ड लावते. १९६३ चं रेकॉर्डिंग आहे, रिडलच्या संयोजनातलं, सिनेमाच्या मोठ्या साउंड स्टेजवर केलेलं. सिनात्रा सत्तेचाळीस वर्षांचा होता. गाणं 'ओल मॅन रिव्हर', मिसिसिपीच्या धक्क्यावर ओझी वाहणाऱ्या कृष्णवर्णीय मजुराचं. जरा प्यायला की तुरुंगात टाकतात, असं तो म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो, मी थकलोय. बहुतेक गायक तिथे थांबून श्वास घेतात. सिनात्रा 'जेल' हा शब्द खाली, अगदी खाली नेतो, तिथे धरून ठेवतो आणि न थांबता 'मी' वर येतो.

दिवे जरा मंद करा. 'जेल' शब्दापाशी कान द्या, आणि तो गातोय तोवर तुमचाही श्वास रोखून धरा.