जीएचऐवजी पेप्टाइड? चिठ्ठी आणि माल यात घोळ करू नका

हां, नमस्कार मंडळी. मागे मिक्सरचा आवाज येईल, आई चटणी वाटतेय, तिला थांबवायची माझी हिंमत नाही.

तर गेले दोन महिने एकच प्रश्न, ताई ग्रोथ हार्मोनची, म्हणजे जीएचची इंजेक्शनं परवडत नाहीत, त्याऐवजी पेप्टाइड थेरपी चालेल का. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनसारखीच, पण छोटी साखळी. कोणी सर्मोरेलिन विचारतंय, कोणी सीजेसी आणि इपामोरेलिनची जोडी विचारतंय, ही सगळी अशा पेप्टाइडचीच नावं, आणि एकानं लिहिलंय "मला सुईची भीती वाटते म्हणून पेप्टाइड घेणार आहे". अरे राजा, ते पण इंजेक्शनच असतं! पोटातून दिलं तर डाळीतल्या प्रोटीनसारखं पचून जाईल, म्हणून तर टोचतात. सुई काही चुकत नाही.

बेसिक पटकन उरकते. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी, ती जीएच बनवते, १९१ अमिनो आम्लांची साखळी, ते लिव्हरला सांगतं, लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन सोडतं आणि वाढीचं बरंच काम ते करतं. जीएच दिवसभर सारखं पाझरत नाही, झटक्या-झटक्यानं येतं आणि मोठा झटका रात्री गाढ झोपेत, म्हणून दुपारी लॅबमध्ये जाऊन नुसती जीएच लेव्हल काढून मला रिपोर्ट पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. झालं बेसिक.

आता खरी गोम, इथंच सगळे घसरतात. पिट्यूटरीला वरून हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूचाच एक भाग, ऑर्डर देतो की सोड जीएच. त्या ऑर्डरचं नाव जीएचआरएच, ४४ अमिनो आम्लं. सर्मोरेलिन म्हणजे त्यातलाच पहिल्या २९ चा तुकडा, टेसामोरेलिन म्हणजे अख्खी ४४ ची साखळी, थोडी टिकाऊ केलेली. म्हणजे तुम्ही जीएच टोचत नाही आहात, ऑर्डर टोचताय. माल नाही, चिठ्ठी. दुकानात साखर शिल्लक असेल तर चिठ्ठीचा उपयोग, गोदामच जळालं असेल तर चिठ्ठ्या पाठवून काय होणार?

नाही पटलं? आमच्या बिल्डिंगचं घ्या. टाकीत पाणी आहे पण वॉचमन व्हॉल्व सोडायला विसरला, तर त्याला फोन करून काम होतं. टाकीच फुटली असेल तर फोन करून वॉचमनचं डोकं फिरेल, नळाला पाणी नाही येणार.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही बरं का. मी मेडिकलच्या काउंटरवर असताना एक काका आले होते, पिट्यूटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी जीएच लिहिलेलं, आणि पुतण्यानं मोबाइलवर दाखवलेलं की पेप्टाइड स्वस्त पडेल. मी म्हटलं काका, ऑर्डर घ्यायला तिथं कोण बसलंय आता? त्यांना दोन मिनिटांत कळलं, पुतण्या मात्र वीस मिनिटं वाद घालत होता.

आता लगेच खाली लिहू नका की सर्मोरेलिन तर मान्यताप्राप्त औषध होतं. होतं ना. अमेरिकेत १९९७ मध्ये मुलांच्या वाढीसाठी मान्यता मिळाली होती, कारण बऱ्याच मुलांत बिघाड वर हायपोथॅलॅमसमध्ये असतो, पिट्यूटरी धडधाकट असते, फक्त ऑर्डर येत नाही. मग चिठ्ठी चालते! २००८ मध्ये कंपनीनं ते बनवणं बंद केलं, धोकादायक ठरलं म्हणून नाही. टेसामोरेलिनला २०१० मध्ये मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या काही पेशंटमध्ये पोटाच्या आत साठणाऱ्या चरबीसाठी, आणि बंद केलं की ती चरबी परत येते. उंचीसाठी नाही, तरुण दिसण्यासाठी नाही, सिक्स पॅकसाठी तर नाहीच नाही.

पेप्टाइडच्या बाजूनं एक मुद्दा मला मान्य आहे, शरीराचा ब्रेक शाबूत राहतो. आयजीएफ वाढलं की सोमॅटोस्टॅटिन नावाचं जीएच रोखणारं हार्मोन पिट्यूटरीला दाबतं. बाहेरून तयार जीएच टोचलं की तो ब्रेक बाजूलाच राहतो. पण मग लोक ते आठवडाभर टिकणारं सीजेसी घेतात, ती पण जीएचआरएचसारखी चिठ्ठीच, म्हणजे झटक्याऐवजी सतत ऑर्डर, आणि वर मला सांगतात "नैसर्गिक आहे". कसलं नैसर्गिक? इन्सुलिन पण पेप्टाइडच आहे, घ्या की मग मनाला येईल तेवढं.

एका दादांनी लिहिलंय "ताई फार्मा कंपनीची एजंट दिसते". दादा, एजंट असते तर हा माइक ओढणीला कपड्याच्या चिमट्यानं अडकवला नसता.

बरं, एमके-६७७. ते पेप्टाइड नाहीच, गोळी आहे, पण त्याच दुकानात मिळते म्हणून सगळे एकाच टोपलीत टाकतात. ती घ्रेलिनची नक्कल करते, घ्रेलिन म्हणजे भुकेचं हार्मोन. माझ्या धाकट्या भावानं मला न सांगता सुरू केलेली. रात्री दीडला ओट्यापाशी उभा राहून शिळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, अंधारात. तीन आठवड्यांत बोटं अशी सुजली की साखरपुड्याची अंगठी निघेना, साबण झाला, तेल झालं, शेवटी दोरा गुंडाळून काढली. उपाशीपोटी शुगर ११८. धट्ट्याकट्ट्या म्हाताऱ्यांवर या गोळीचा दोन वर्षं अभ्यास झालाय, अंगावर मांस वाढलं, ताकद नाही वाढली, शुगर मात्र वाढली. भाऊ म्हणतो मी तरुण आहे. हो, अंगठी बघितली आम्ही.

आणि ही बघा, (कुपी कॅमेऱ्याजवळ धरून) एका जिमच्या ट्रेनरनं मला "चेक करून दे" म्हणून दिली. तळाला पांढरी पावडर, निळं झाकण, लेबलवर बारीक अक्षरात काय लिहिलंय, फक्त संशोधनासाठी, माणसांसाठी नाही. ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना परवाना नंबर. मे महिन्यात साध्या कुरिअरनं आलीय, बर्फ नाही काही नाही. मी काय चेक करणार, डोळ्यांनी? आत काय आहे हे मला माहीत नाही, ट्रेनरला माहीत नाही, आणि तो ती चार पोरांना टोचणार होता.

तालमीतल्या पोरांनो, सर्मोरेलिन, इपामोरेलिन, सीजेसी, एमके-६७७, सगळं वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, जीएच तर आहेच. नाडानं, म्हणजे आपल्याकडच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, सॅम्पल घेतलं की "मला ट्रेनरनं दिलं" हे चालत नाही.

राहता राहिला उंचीचा प्रश्न. माझा मावसभाऊ, वय एकोणीस, पाच फूट चार इंच, पोलीस भरतीचं डोक्यात. त्याला म्हटलं आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा. डाव्या हाताचा एक्स-रे काढला, बोटांच्या हाडांच्या टोकांना लहान मुलांत जी काळी फट दिसते ती कुठंच नव्हती, सगळी बुजलेली. डॉक्टर म्हणाले आता जीएचनं पण उंची वाढणार नाही. बाहेर आल्यावर गाडीला किक मारता मारता विचारतो, "ताई, मग पेप्टाइड?"