मातीला न शिवणारी वाळवी

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ही छोटी बाटली पहिल्या रांगेतून मागे पाठवतो आहे. झाकण उघडा, चिमूटभर तळहातावर घ्या आणि बोटानं चोळून पाहा. भिऊ नका, त्यात विषारी काही नाही. खसखशीसारखं लागतं ना? पिठासारखं चिकटत नाही, दाणा दाणा वेगळा घरंगळतो. सोबत भिंग दिलं आहे, त्यातून एकच दाणा पाहा. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, दोन्ही टोकं गोलसर, आणि अंगावर उभ्या सहा कडा. दोन कडांमधला भाग किंचित आत दबलेला, जणू ओल्या पिठाची गोळी कुणी सहा बोटांनी दाबली आहे. ही वाळवीची विष्ठा आहे. कोरड्या लाकडातल्या वाळवीची. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या दाण्यावरून कळतं, म्हणून आधी दाणा हातात दिला.

आमच्या घरी हा दाणा माझ्या आईनं जवळजवळ वर्षभर झाडला. माझी थोरली बहीण कोकणात नोकरीला होती. निवृत्त झाल्यावर तिनं तिथलं एक कपाट आमच्या गावच्या घरी पाठवलं. काही महिन्यांनी त्याच्या खालच्या फळीजवळ सकाळी बारीक ढीग दिसायला लागला. आई म्हणायची, "काऊन बावा, हे खसखस रोज कोन सांडते?" झाडलं की चार दिवसांनी परत. मी तेव्हा तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवत होतो, महिन्यातून एकदा घरी यायचो, आणि मी यायच्या आधी घर झाडून झालेलं असायचं. पुढे दिवाळीत आईनं तो ढीग वाटीत जमवून ठेवला आणि माझ्यासमोर धरला. तोवर फळी आतून संपली होती.

आता आपल्याला माहीत असलेली वाळवी म्हणजे उधई. भिंतीवरून चढणारी मातीची नळी, दाराच्या चौकटीवर मातीचा लेप, धान्याच्या कणगीखाली ओली माती. ही जमिनीतली. तिचं घर मातीत असतं, लाकूड हे तिचं चरायचं रान. रोज मातीतून यायचं, खायचं, परत जायचं. तिला ओल लागते आणि ऊन-वारा सोसत नाही, म्हणून ती झाकलेल्या वाटेनं चालते. आपल्या शेतातल्या वारुळांमधली उधई तर आत बुरशीची शेती करते. चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे आणि लाकडाचे छिद्राछिद्रांचे गड्डे करून त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या ज्या सात्या आपण चवीनं खातो, त्या त्याच बुरशीची फुलं. इतकी वर्षं सात्या खाऊनही हे पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बाटलीतली वाळवी मात्र मातीला शिवत नाही. तिचं रान आणि तिचं घर एकच, तुमच्या कपाटाची फळी. ती जन्मते तिथे, खाते तिथे आणि मरतेही तिथेच. भारतात ती मुख्यतः समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशात आढळते. आपल्याकडे ती येते ती कुणाच्या तरी सामानात बसून. कोरड्या लाकडातल्या वाळव्यांपैकी जगभर सगळ्यात जास्त नुकसान करणारी जी जात आहे, तिचं शास्त्रीय नाव क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस. १८५३ साली जमैकातल्या नमुन्यांवरून तिची पहिली नोंद झाली, पण तिचं मूळ ठिकाण निघालं पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याचं वाळवंट. वर्षानुवर्षं जिथे पाऊस पडत नाही, तिथली ही रहिवासी. जहाजांच्या आणि फर्निचरच्या लाकडात बसून ती जगभर गेली. वाळलेलं लाकूड इतरांना मेलेलं वाटतं, तिला ते ओलं वाटतं. आपल्या घरातल्या कोरड्या फळीतही थोडा पाण्याचा अंश मुरलेला असतोच. तेवढं पाणी आणि लाकूड पचताना शरीरात तयार होणारं पाणी, एवढ्यावर तिचं भागतं.

त्या सहा कडा इथूनच येतात. वाळवीच्या आतड्याच्या शेवटच्या भागात सहा पट्ट्या असतात. विष्ठा बाहेर जाण्याआधी त्या पट्ट्या तिच्यातलं पाणी पिळून परत शरीरात घेतात, आणि पिळताना दाण्यावर त्यांचा ठसा उमटतो. आपल्याकडे मे महिन्यात बाया भांडी धुतलेलं पाणी तुळशीला घालतात, थेंब वाया जाऊ देत नाहीत. हा जीव तेच आपल्या पोटात करतो. म्हणून हा दाणा इतका कोरडा, इतका टणक. जमिनीतल्या उधईची विष्ठा पातळ असते, ती तिच्या बोगद्याच्या गिलाव्यात जाते. तिच्याकडून असे दाणे कधीच मिळणार नाहीत.

घर कसं असतं ते ऐका. ओळखीच्या मिस्त्रींनी ती फळी गिरमिटानं न टोचता करवतीनं उभी चिरली, तेव्हा आम्ही सगळे वाकून पाहत होतो. उधईनं खाल्लेलं लाकूड चिरलं तर आत मातीचे थर असतात, आणि ती लाकडाच्या रेषेच्या दिशेनं मऊ मऊ पट्टे खात गेलेली असते. इथे मातीचा कण नव्हता. रेषेला आडव्या जाणाऱ्या खोल्या, आणि एका खोलीतून दुसरीत जायला शिसपेन्सिलीच्या शिशाएवढी अरुंद वाट. भिंती इतक्या गुळगुळीत की मिस्त्री म्हणाले, "आपून पॉलिश पेपर मारतो ना, तसं हाय हे." काही खोल्या दाण्यांनी गच्च भरलेल्या. वरचा पृष्ठभाग कागदाइतका पातळ ठेवलेला, बाहेरून पॉलिश शाबूत. अंगठा दाबला की आत जायचा.

दाणे साठले की ती बाहेर फेकते. त्यासाठी एक-दोन मिलिमीटरचं भोक पाडते, कचरा ढकलते आणि भोक परत पातळ पडद्यानं बंद करते. म्हणून ढीग दिसतो पण भोक सापडत नाही. ढिगाच्या सरळ वर, फळीच्या खालच्या बाजूला बारीक नजरेनं पाहावं लागतं.

हिची वस्ती लहान. काही शे, फार तर काही हजार जीव. उधईच्या वारुळातल्या लाखांपुढे हे काहीच नाही. सुरुवात तर दोघांपासून होते. संध्याकाळी किंवा रात्री पंख फुटलेली पाखरं निघतात, थोडी थोडी. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती थवे येतात, ती उधईची. हिची पाखरं घरातच निघतात, खिडकीच्या चौकटीवर सारख्या लांबीचे पंख गळून पडलेले दिसतात. पंख टाकले की नर-मादीची जोडी फट शोधते. खिळ्याचं भोक, सांध्यातली भेग, पॉलिश न लावलेली मागची बाजू. आत शिरून तोंड बंद करते आणि मोजकी अंडी घालते. पहिल्या वर्षी त्या घरात जेमतेम मूठभर जीव असतात. नवी पाखरं निघायला कित्येक वर्षं जातात. म्हणून खसखस दिसली याचा अर्थ कीड आत्ताच लागली असा नाही. ती जुनी आहे.

हे मूठभर जीव लाकूड पचवतात कसं? खरं तर एकटी वाळवी ते पचवूच शकत नाही. तिच्या पोटात एकपेशी जीव राहतात, आणि लाकडातल्या सेल्युलोजचं मोठं काम तेच करतात. अमेरिकेत क्लीव्हलंड नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात जमिनीतल्या वाळवीवर एक प्रयोग केला. उष्णतेनं तिच्या पोटातले हे जीव मारले, वाळवी जिवंत ठेवली. ती लाकूड खातच राहिली आणि खाता खाता उपाशी मेली. आता पुढची गोष्ट. वाळवी कात टाकते, तेव्हा आतड्याचं अस्तरही गळतं आणि त्यासोबत ते एकपेशी जीवही जातात. ते परत मिळवायचा मार्ग एकच. शेजारच्या वाळवीच्या शेपटाकडून आलेला थेंब तोंडानं घ्यायचा. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण कुटुंब म्हणजे काय ते या जीवासाठी इतकं शब्दशः खरं आहे की एकटं पडणं म्हणजे उपासमार.

तरुण मुलांना एक गोष्ट खास सांगतो. आपले मिस्त्री मयाल, म्हणजे छताची तुळई, घ्यायच्या आधी त्यावर वाकसाची मागची बाजू ठोकतात आणि आवाजावरून पोकळी ओळखतात. वाळवीही लाकूड ऐकते. ऑस्ट्रेलियात क्रिप्टोटर्मिस डोमेस्टिकस या जातीवर २००५ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. चावताना लाकडात जी थरथर उठते, त्यावरून ही वाळवी लाकडाचा आकार ओळखते. लहान तुकड्यात असेल तर लवकर नवीन राजे-राण्या तयार करायच्या तयारीला लागते. याच चमूनं पुढे हिच्याच जवळच्या दुसऱ्या एका जातीवर दाखवलं की शेजारी जमिनीतल्या मोठ्या वाळवीचा आवाज आला तर ती तिथून बाजूला राहते. डोळे नसलेल्यासारखे, पण पायांनी ऐकणारे जीव.

त्यावरून जुन्या घराच्या लाकडांबद्दल बोलायलाच हवं. या वाळवीत खऱ्या कामकऱ्यांची वेगळी जात नसते. पिल्लंच काम करतात, आणि त्यांच्यातलं कुणीही पुढे सैनिक होऊ शकतं, पंखवालं होऊ शकतं, किंवा राणी मेली तर तिची जागा घेऊ शकतं. सैनिकाचं डोकं काळं, पुढून चपटं, बुचासारखं. मुंगी आली की तो अरुंद वाटेत डोकं अडकवून उभा राहतो, वाट बंद. तर मुद्दा असा की राणी मारून वस्ती संपत नाही, आणि कीड लागलेला तुकडा कापून दोन केले तर दोन्ही तुकड्यांत वस्ती चालू राहू शकते. कवेलूचं घर पाडून स्लॅब टाकताना आपण मयाल, फाटे, चौकटी विकतो. विकत घेणाऱ्यानं आधी ठोकून बघावं, खाली काळं कापड अंथरून आठवडाभर उभं ठेवावं. कापडावर खसखस पडली तर ते लाकूड घरात आणू नये.

आता आमच्या कपाटाचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण चूक मी डोळ्यांदेखत होऊ दिली. मी बोलावलेला एक औषधवाला माणूस आला. भिंतीच्या कडेनं फरशीला रांगेत भोकं पाडली, औषध ओतलं, पैसे घेऊन गेला. ही पद्धत खोटी नाही. जमिनीतल्या वाळवीसाठी इमारतींभोवती मातीत औषध देण्याचं भारतीय मानकच आहे. पण आमची वाळवी मातीत नव्हतीच. पंधरा दिवसांत कपाटाखाली परत ढीग. म्हणून माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की औषध मागवण्याआधी भुकटी तळहातावर घ्या. मातीची नळी दिसली तर उधई. सहा कडांचे दाणे दिसले तर ही. आणि मैद्यासारखी भुकटी, बोटाला चिकटणारी, गोल बारीक भोकातून येणारी असेल तर ती वाळवीच नव्हे, घुणाचा भुंगा. बांबूच्या ताट्यांमधून आपल्याकडे पडते ती बहुतेक हीच. बांबू वापरण्याआधी पाण्यात भिजवून ठेवण्याची आपली जुनी रीत त्यासाठी चांगली आहे, कारण भुंग्याला हवं असलेलं पिष्ट त्यात कमी होतं.

आणि कृपा करून कपाशीवर फवारून उरलेलं औषध पलंगाला, पाळण्याला लावू नका. मी हे एका घरी पाहिलं आहे. चौकटीच्या भेगेत ब्रशनं औषध भरलं होतं आणि त्याच पलंगावर लहान लेकरू झोपलं होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. शेतातलं विष उघड्यावर इतकं करतं, तर बंद खोलीत काय करेल?

करण्यासारखं बरंच आहे. खराब तुकडा बदलणं सगळ्यात सोपं. कच्च्या, पॉलिश न लावलेल्या लाकडावर टाकणखार आणि बोरिक आम्लाचं पाणी लावलं तर ते आत मुरतं आणि वाळवीच्या पचनालाच गाठतं. पॉलिश केल्यावर मुरत नाही, म्हणून ते जोडणीच्या आधी, सांध्यांत आणि मागच्या बाजूला लावायचं. भेगा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायच्या. उष्णताही काम करते. परदेशातून येणाऱ्या पॅकिंगच्या लाकडासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. आपल्याकडे आजकाल या पॅकिंगच्या पाइनचं स्वस्त फर्निचर मिळतं. त्याच्या फळीवर गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि एचटी (HT, म्हणजे उष्णता दिलेलं) ही इंग्रजी अक्षरं दिसतात का पाहा. पण आपल्या ४५ अंशांच्या उन्हात नुसतं ठेवून मयालाचा गाभा तेवढा तापत नाही, त्यावर भरवसा ठेवू नका.

लाकूड निवडताना सागवानाचा गाभा घ्या. आलापल्ली-बल्लारपूरचं सागवान आपलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली ते इथूनच गेलं. त्याच्या तांबूस गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला नको असतात. पण सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती जवळजवळ नसतातच. आमच्या कपाटाची खालची फळी पांढऱ्याची होती, वरच्या तीन गाभ्याच्या. वरच्या तिन्ही शाबूत आहेत, आजही त्यांच्यावर माझी पुस्तकं आहेत.

एक शेवटचं. उपाय केल्यावरही काही दिवस दाणे पडतात, कारण जुन्या खोल्यांमधला साठा दार आपटलं तरी गळतो. तो झाडून टाका, खाली स्वच्छ कागद ठेवा, तारीख लिहा. आम्ही असे सहा महिने कागद बदलले. शेवटचे तीन कोरे निघाले.

चिरलेली फळी मागच्या टेबलावर ठेवली आहे. चहा घेताना तिकडून जा. लहान मुलांनी त्या खोल्यांमधून बोट फिरवून पाहायला हरकत नाही, आत आता कुणी नाही.