चावी, बिजागरी, ओली भिंत

[काळोख. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. खांद्याचा धक्का. दार अर्धवट उघडतं.]

दार एवढंच उघडतं. पाऊस लागला की लाकूड फुगतं, मग खांदा लावावा लागतो. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, कुलूप बिघडलंय. कुलूप ठणठणीत होतं, घरच ओलं होतं.

हे लिस्बन, आणि ही आल्फामा वस्ती. गल्ली इतकी चिंचोळी की समोरच्या स्वयंपाकघरात लसूण परतली की आमच्या लॅपटॉपला वास येतो. आम्ही दोघं इथं तिसऱ्यांदा हिवाळा काढायला आलोय. एरवी मुक्काम स्टॉकहोमला. तिथं डिसेंबरात दुपारी पावणेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. जेवण उरकून एका मीटिंगला बसावं, ती संपेपर्यंत बाहेर मिट्ट काळोख. लिस्बनमध्ये त्याच दिवशी सव्वापाचपर्यंत ऊन असतं. कंपनीनं कुठूनही काम करायची मुभा दिली, तेव्हा आम्ही नकाशावर बाकी काही पाहिलंच नाही. फक्त ऊन पाहिलं.

आमचे पासपोर्ट भारतीय, राहण्याचा परवाना स्वीडनचा. अशा माणसाला शेंगेनमधल्या, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशात १८० दिवसांतले ९० दिवस राहता येतं. म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी यायचं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर निघायचं. काम, विमा, कर, सगळं कंपनीकडून आधी लेखी घ्यायचं. ज्यांना जास्त राहायचंय, त्यांच्यासाठी पोर्तुगालनं ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा सुरू केला. बाहेरच्या देशातला पगार किमान वेतनाच्या चौपट हवा, ही त्याची अट. २०२५ साली किमान वेतन होतं ८७० युरो, म्हणजे महिन्याला ३,४८० युरो.

[जिना. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशा. कॅमेरा एका फरशीवर थांबतो.]

जिन्यातल्या या फरशांना इथं ‘अझुलेझु’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. एकेक फरशी वीतभरही नाही, जेमतेम चौदा सेंटिमीटर. चार जोडल्या की एक फूल पुरं होतं. इथं मात्र बघा, तीन पाकळ्यांची दिशा एक आणि चौथीची भलतीच. मूळची फरशी कुणीतरी उचकटून नेली, तिच्या जागी मिळाली ती बसवली. जुन्या फरशांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या होत्या की २००७ मध्ये इथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयानं त्या वाचवायची मोहीमच काढली. २०१७ पासून फरशांनी मढवलेला दर्शनी भाग पाडायलाही कायद्यानं बंदी आहे. इंटरनेटची काळी केबल मात्र याच फरशांवरून खुशाल खिळे मारून वर गेलीय. तिच्यावरच माझी नोकरी चालते, त्यामुळे मी काही बोलत नाही.

[खोली. स्वेटर, मफलर, लॅपटॉप.]

आता मुद्द्याचं. हे घर स्टॉकहोमपेक्षा थंड आहे.

बाहेर नाही हो. बाहेर दुपारी पंधरा अंश, लोक रस्त्यावरच्या टेबलांशी कॉफी पीत बसलेले. घरात बोटं आखडतात. स्टॉकहोमच्या फ्लॅटमध्ये उणे दहातसुद्धा मी टी-शर्टवर वावरते, हीटिंग भाड्यातच असतं. इथं घर तापवायची सोयच नाही. पाऊण मीटर जाडीच्या दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, आणि हिवाळ्यातही तो इमानानं देत राहतात. पाहुण्यांना याची गंमत वाटते. इथल्या लोकांना नाही. २०२३ च्या युरोपीय आकडेवारीत, घर पुरेसं उबदार ठेवणं परवडत नाही असं सांगणारे पोर्तुगालमध्ये २०.८ टक्के होते. स्पेनही तेवढाच. साऱ्या युरोपीय संघात हे दोन देश सगळ्यात वर, दोन्ही उन्हाचे.

मग हीटर लावायचा. पण वीज ठरावीक ताकदीचीच घेतलेली असते. आमच्या घराला ३.४५ केव्हीए. हीटर चालू असताना कुणी चहाची किटली लावली की मेन स्विच खाड्कन पडतो. सकाळी आठला, म्हणजे पुण्यातल्या टीमच्या दुपारी दीडला, मी अर्ध्या वाक्यात गायब होते. आता तिकडचे लोकच विचारतात, “चहा ठेवला का?”

त्यावर उपाय म्हणजे गॅसची शेगडी. तेरा किलोचं सिलिंडर, खांद्यावरून जिना चढून येतं. आपल्याकडच्यापेक्षा किलोभरानं हलकं. ते आल्यावर हलवून बघायची सवय मात्र मी माझ्या गावाहून, रेवदंड्याहूनच आणलीय.

[उंचावरून छपरं. दूरवर तेजो नदी.]

रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीजमधून उपजलेली बोली घराघरांत बोलतात. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आलं. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, इथं लिस्बनमध्ये भूकंप झाला. सगळ्या संतांचा सण, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी धरणी हलली, मग नदीतून लाट आली, मग आग लागली. खालचं सपाटीवरचं शहर गेलं आणि पुन्हा उभं राहिलं ते सरळ काटकोनी रस्त्यांचं. टेकडीवरच्या आल्फामाची गुंतवळ बरीचशी तशीच राहिली.

[मेस्त्री भिंतीवर थापी ठोकतोय. भुसभुशीत आवाज.]

झोपायच्या खोलीतली ही भिंत. कॉटमागे काळी बुरशी धरली, तेव्हा घरमालकिणीनं मेस्त्री पाठवला. इथंही त्याला ‘मेश्त्र’ म्हणूनच हाक मारतात. तो आला आणि माझी करमणूक सुरू झाली. त्यानं ‘बाल्द’ मागितली, मी बादली दिली. ‘शाव्ह’ मागितली, मी चावी दिली. ‘च’चा ‘श’ नंतर झाला. सोळाव्या शतकात तेही ‘च’च म्हणत, आपण तो ठेवून घेतला. कपाटाची बिजागरी निखळली होती, म्हणून मी ‘बिझाग्रा’ म्हणून बघितलं. तो हसायला लागला. आता दोब्रादिसा म्हणतात, हा शब्द कुठून काढलात?

भिंतीचं दुखणं त्यानं दोन ठोक्यांत ओळखलं. दगडचुन्याच्या भिंतीवर कुणीतरी मध्यंतरी सिमेंटचा गिलावा केलाय. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट तिची वाट अडवतं, मग ओल आत मुरते आणि जिथं फट सापडेल तिथून फुटते. रेवदंड्याच्या घरी पडवीच्या चिऱ्यांना बाबांनी हौसेनं सिमेंट लावलं, त्याची हीच गत झाली होती. मेस्त्रीनं सिमेंट खरवडून काढलं. खाली मऊ, दमट, पिवळसर चुना. बोट लावलं तर खवा लागावा तसा.

“आता थर द्यायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा,” तो म्हणाला. “हीटर लावून घाई करायची नाही.”

[खाली दारात खुर्चीवर आजीबाई. वर दोरीवर कपडे.]

तळमजल्यावरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या. याच घरात जन्मलेल्या. पूर्वी प्रत्येक मजल्यावर कुटुंब होतं. आता दाराशेजारच्या गजांना आकड्यांची कुलपं असलेल्या छोट्या पेट्या लटकतात. त्यात पर्यटकांच्या किल्ल्या. २०१४ च्या कायद्यानं असं घर देणं सोपं झालं. २०१८ मध्ये महापालिकेनं आल्फामात नवे परवाने थांबवले, जुने चालूच राहिले. आमच्या घराचा जुना आहे. मार्च ते ऑक्टोबर ते तीन-तीन रात्रींसाठी जातं. आम्ही येतो ते मधल्या काळात, जेव्हा पर्यटक नसतात, म्हणून भाडं परवडतं. १ एप्रिल २०२३ ला ‘राहायला घर’ मागत हजारो लोक लिस्बनच्या रस्त्यांवर उतरले. त्या वेळी आम्ही स्टॉकहोमला परतलो होतो, बातम्या पाहत होतो. मोर्चातला राग कुणावर होता ते कळत होतं. त्यात थोडे आम्हीही येतो.

आजीबाई आम्हाला ‘हिवाळ्यातले’ म्हणतात. नावं विचारून झालीत, पण लक्षात ठेवत नाहीत.

“तुम्ही निदान कपडे वाळत घालता,” एकदा म्हणाल्या. उन्हाळ्यातले घालत नाहीत.

खरं सांगायचं तर आमचेही वाळत नाहीत. दोन दिवस दोरीवर राहून परत आत येतात आणि ओल शोषणाऱ्या यंत्रासमोर खुर्चीवर पडतात. यंत्र रोज रात्री बादलीभर पाणी काढतं. ते पाणी मी सकाळी आजीबाईंच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला घालायला नेलं, तर त्यांनी हात आडवा धरला. भिंतीचं पाणी रोपाला घालू नये.

[रिकामी खोली. मीटर. बॅगा.]

आज नव्वदातला सत्त्याऐंशीवा दिवस. मीटरचा फोटो काढून झाला. सिलिंडर अर्धं उरलंय, ते खाली दिलं. चाव्या गजावरच्या पेटीत टाकायच्या आहेत, आकडे घरमालकिणीनं काल पाठवले.

मेस्त्रीचा शेवटचा थर परवा झाला. कॉट अजून खोलीच्या मधोमध आहे. हात लावला तर भिंत गार आणि ओली. जूनपर्यंत वाळेल, असं तो म्हणतो.

[दार ओढून घेतल्याचा आवाज. एकदा. पुन्हा एकदा, जोरात.]