साहेब पोचले नाहीत तर सही कोण करणार?

नमस्कार. पत्रिकेत विषय 'सरकारी कार्यालयातलं आपत्कालीन नियोजन' असा छापलाय आणि तो वाचून बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर बोटी, दोरखंड, लाइफ जॅकेट आली असतील. ती मंडळी मोठं काम करतात, एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन तर आपल्याच पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे, पण आज मी त्यांच्याबद्दल बोलणार नाहीये. मी बोलणारे ऑफिसबद्दल. म्हणजे पूर आला, आग लागली, साथ आली तर लोकांसाठी काय करायचं याचे प्लॅन आपल्याकडे असतात, पण ज्या ऑफिसने तो प्लॅन राबवायचा तेच ऑफिस पाण्यात असेल, बंद असेल, त्यातली निम्मी माणसं येऊच शकत नसतील तर काय? मी नोकरीतली शेवटची बरीच वर्षं एका राज्यस्तरीय कार्यालयात हेच काम बघितलं आणि माझं ठाम मत झालंय की या सगळ्याचा गाभा एकाच प्रश्नात आहे, साहेब पोचले नाहीत तर सही कोण करणार.

पुण्याला हा प्रश्न जरा जास्तच लागू होतो. जमाबंदी आयुक्त, नोंदणी महानिरीक्षक, साखर आयुक्त, कृषी, सहकार, समाजकल्याण, शिक्षण, अशी राज्याची किती आयुक्तालयं पुण्यात आहेत बघा. मंत्रालय मुंबईत असलं तरी रोजच्या कामाची बरीच सूत्रं इथून हलतात. त्यामुळे पुण्यातली एखादी इमारत चार दिवस बंद पडली तर अडचण पुण्याची राहत नाही, गडचिरोलीतल्या नाहीतर नंदुरबारमधल्या माणसाचं काम अडतं आणि त्याला कळतही नाही की का अडलंय.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, त्याचं कलम ४० म्हणतं राज्य सरकारच्या प्रत्येक विभागाने स्वतःचा आराखडा करायचा, आणि कलम ३२ जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक सरकारी कार्यालयाला आणि स्थानिक संस्थेला तेच सांगतं. आराखडे होतातही. मी बरेच वाचलेत. त्यात जिल्ह्याचं क्षेत्रफळ असतं, नद्यांची नावं असतात, पर्जन्यमान असतं, शेवटी फोन नंबरांची यादी असते, आणि आपलंच ऑफिस उघडलं नाही तर काय यावर बहुतेक वेळा एक ओळसुद्धा नसते.

दोन उदाहरणं सांगते, दोन्ही बाहेरच्या देशातली.

न्यूयॉर्क शहराने आपलं आपत्कालीन केंद्र १९९९ मध्ये सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर या इमारतीत २३ व्या मजल्यावर उघडलं, खूप खर्च करून, सगळी आधुनिक यंत्रणा बसवून. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या दोन टॉवरवर विमानं आदळली आणि हे केंद्रच रिकामं करावं लागलं, संध्याकाळी ती इमारतच कोसळली. म्हणजे शहराला ज्या दिवशी त्या खोलीची सर्वात जास्त गरज होती त्याच दिवशी खोली नव्हती. पुढे काय झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, त्यांचा एक मोठा सराव हडसन नदीकाठच्या पिअर ९२ वर ठरलेला होता, त्यामुळे ती जागा त्यांच्या डोक्यात होती, तयारी झालेली होती, आणि तिथेच त्यांनी काही दिवसांत नवं केंद्र उभं केलं. प्लॅनच्या कुठल्या पानापेक्षा त्या सरावाच्या तयारीने त्यांना जास्त वाचवलं असं मला वाटतं.

दुसरं जपानचं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर ओत्सुची नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात महापौर आणि अधिकारी नगर कार्यालयासमोरच आपत्कालीन बैठकीला जमले होते. त्सुनामी तिथेच आली. महापौर गेले, त्यांच्याबरोबर कार्यालयातली कितीतरी माणसं गेली. हे लोक आपलं कर्तव्यच करत होते हो, नियमाप्रमाणे जमले होते. पण निर्णय घेणारे सगळे एका जागी आणि ती जागा धोक्याच्या पट्ट्यात, हे मला वाचल्यापासून विसरता आलेलं नाही. त्याच त्सुनामीत ओत्सुची धरून चार ठिकाणची कुटुंब नोंदणीची दप्तरं वाहून गेली, म्हणजे कोण कोणाचा मुलगा, कोणाचं लग्न कोणाशी, वारस कोण, सगळं. ती परत उभी राहिली कारण त्यांच्या न्याय मंत्रालयाच्या स्थानिक कार्यालयांकडे त्याची प्रत ठेवायची पद्धत आधीपासून होती.

आपल्याकडे २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा हेच कळलं, जळालेल्या फायली परत उभ्या करायच्या तर खालच्या कार्यालयांकडे ज्या प्रती होत्या त्यांचा मोठा आधार होता. आणि पुणेकरांना तर १२ जुलै १९६१ सांगायची गरज नाही. पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं, वीज गेली, टेलिफोन गेले, आणि शहराला पाणी देणारं धरणच फुटल्यामुळे पूर ओसरल्यावर प्यायच्या पाण्याची पंचाईत झाली. त्या दिवशी कुठलाही साहेब कुठल्याही साहेबाला फोन करून 'परवानगी आहे का' असं विचारू शकत नव्हता.

आता काम कसं करायचं ते. पहिली पायरी, कुठली कामं थांबून चालणारच नाहीत ते ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं पण भांडणं इथेच होतात. आम्ही सगळ्या शाखाप्रमुखांना विचारलं तर प्रत्येकाने आपलं सगळं काम अत्यावश्यक म्हणून लिहून दिलं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण कुणालाच आपलं काम बिनमहत्त्वाचं म्हणून कागदावर यायला नको असतं. मग आम्ही प्रश्न बदलला. तुमचं काम चार तास बंद राहिलं तर कुणाचं काय अडेल? एक दिवस? आठ दिवस? महिनाभर? आणि 'कुणाचं' याचं उत्तर माणसाच्या रूपात द्यायचं, वरिष्ठ कार्यालय रागावेल हे उत्तर धरायचं नाही. तेव्हा चित्र झटकन साफ झालं. तपासणी अहवाल, आढावा बैठका, प्रशिक्षणं, ही महिनाभर थांबली तरी कुणाच्या घरी चूल विझत नव्हती. पण पगार बिलं आणि निवृत्तिवेतनाची कागदं, अनुदान खात्यात जमा करणं, कोर्टाच्या तारखा, आणि लोकांना खरी माहिती देणारा एक फोन, एवढं थांबून चालत नव्हतं. पूर्ण यादी एका पानात बसली. अमेरिकेतल्या केंद्रीय एजन्सींना नियम आहे की अत्यावश्यक कामं १२ तासांच्या आत दुसऱ्या जागेवरून सुरू करता आली पाहिजेत आणि ३० दिवसांपर्यंत चालवता आली पाहिजेत. आपल्याला तोच आकडा घ्यायला हवा असं नाही, पण काहीतरी आकडा हवा, नाहीतर 'लवकरात लवकर' असं लिहून आपण मोकळे होतो.

आता सही. यावर मी जरा जास्त वेळ घेणारे.

आपली सगळी यंत्रणा सहीवर चालते आणि हल्ली ती सही डोंगलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या छोट्या यूएसबी उपकरणात आहे. पगार बिल सेवार्थ या ऑनलाइन प्रणालीतून तयार होतं, आहरण व संवितरण अधिकाऱ्याशिवाय, म्हणजे सरकारी पैसे काढायचा आणि वाटायचा अधिकार ज्याला आहे त्याच्याशिवाय, पुढे सरकत नाही, ओटीपी एका ठरावीक मोबाइलवर येतो. आता समजा धरणातून मुठा नदीत पाणी सोडलंय, तो अधिकारी सिंहगड रोडला राहतो, खाली पार्किंगमध्ये पाणी भरलंय, मोबाइलला रेंज नाही, डोंगल ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची चावी त्याच्याकडे. सांगा, काम कुठे अडलं? पैसे आहेत, सर्व्हर चालू आहे, माणसं बसलीयत, तरी अडलं. कुणीतरी म्हणतं मग डोंगल ऑपरेटरकडे ठेवून देऊ, पासवर्ड चिकटवून ठेवू. हे अजिबात करू नका. डिजिटल सही त्या माणसाची वैयक्तिक जबाबदारी आहे, कायद्याने तिचा ताबा त्याच्याकडेच पाहिजे, उद्या चुकीचं पेमेंट गेलं तर तोच अडकणार. योग्य मार्ग हा की दुसऱ्या आणि तिसऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने स्वतंत्र डिजिटल सही आधीच काढून ठेवायची, सिस्टिममध्ये त्यांचे अधिकार आधीच मंजूर करून घ्यायचे, आणि ते अधिकार कधी सुरू होतील आणि कधी संपतील हे ऑफिस ऑर्डरमध्ये लिहायचं. उदाहरणार्थ, कार्यालयप्रमुखाशी अमुक तास संपर्क झाला नाही तर उपसंचालक, ते नसतील तर सहायक संचालक, आणि संपर्क झाला की अधिकार परत. तिसऱ्या नंबरचा माणूस शक्यतो दुसऱ्या शहरातला घ्या, नाशिकचा घ्या, छत्रपती संभाजीनगरचा घ्या, कारण पुण्यात पूर आला तर पहिला आणि दुसरा दोघेही त्याच पुरात असतात.

यात खरी अडचण तांत्रिक नसते, मनाची असते. प्रमुखाला वाटतं अधिकार दिले तर आपलं वजन कमी होईल, आणि खालच्याला वाटतं मी निर्णय घेतला आणि उद्या चौकशी लागली तर मला कोण वाचवणार. दोघांची भीती खरी आहे. म्हणून मी म्हणते प्रमुखाने लेखी द्यावं की या परिस्थितीत या मर्यादेत सद्भावनेने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी माझी. तेवढं एक वाक्य लिहिलं ना की लोक पुढे येतात, मी बघितलंय. लिपिक पदावरची माणसंसुद्धा इतकं सुंदर काम करतात.

आणि वेळ बघा कशी येते. आपल्याकडे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच तसं आहे, आणि पाऊस जूनमध्ये येतो. म्हणजे वर्षभर ज्याने प्लॅन पाठ केला तो ३१ मेला चंद्रपूरला रुजू झालेला असतो आणि जो आलाय त्याला जिना कुठे आहे ते शोधावं लागतंय. म्हणून प्लॅनमध्ये नावं नकोत, पदं हवीत, नंबरही पदाचे हवेत, आणि बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या कागदात फर्निचर आणि गाडीच्या बरोबरीने कंटिन्युइटी प्लॅनचं, म्हणजे ऑफिस अडलं तरी काम चालू ठेवायच्या या प्लॅनचं, पान हवं. कार्यभार घेणाऱ्याने ते वाचून सही करायची.

आता माणसांबद्दल. कोविडमध्ये, राज्यातले पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच ९ मार्च २०२० ला सापडले, आणि महिना संपायच्या आत सरकारी कार्यालयांची उपस्थिती ५ टक्क्यांवर आणली गेली. तेव्हा प्रत्येक ऑफिसला एकदम प्रश्न पडला की ते ५ टक्के कोण. बऱ्याच ठिकाणी यादी वरच्या पदापासून खाली केली गेली. मला विचाराल तर यादी उलटी करायला हवी. जनरेटर कोण चालू करतो? सर्व्हर रूमची चावी कुणाकडे? आवक-जावकचं रजिस्टर कोण बघतं? ही माणसं बऱ्याचदा कंत्राटी असतात, डेटा एन्ट्री ऑपरेटर, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, आणि त्यांची नावं आपल्या कुठल्याच आपत्कालीन यादीत नसतात, ना बोलवायच्या, ना काळजी घ्यायच्या. जो माणूस रात्रपाळीला गेटवर आहे त्याचं घर ओढ्याकाठी असेल, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण बघितलंय, तर त्याने गेट सांभाळावं की घरी पळावं? मी म्हणेन घरी जावं, आणि त्याच्या जागी कोण येईल हे आपण आधी ठरवलेलं असावं. स्वतःचं घर सुरक्षित आहे हे कळल्याशिवाय कुणाचंही डोकं कामात लागत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं माणुसकीला धरून नाही.

माळीण आठवतं ना, ३० जुलै २०१४. डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं हे बाहेरच्या जगाला कळवलं एसटीच्या ड्रायव्हरने, नेहमीच्या रस्त्याने गेला आणि गाव जागेवर दिसेना. कुठल्याही नियंत्रण कक्षाच्या आधी त्याला कळलं. तुमच्या खात्याचा असा रोज फिरणारा माणूस कोण आहे, तलाठी, ग्रामसेवक, लाइनमन, त्याला काही दिसलं तर त्याने थेट कुणाला फोन करायचा, आणि तो फोन घेणाऱ्याला निर्णयाचा अधिकार आहे का, एवढं तपासा.

सरावाबद्दल एकच सांगते. सराव साहेबांशिवाय करा. प्रमुखाने सकाळी दहाला जाहीर करायचं की आता मी पोचलेलो नाही, माझा फोन लागत नाही, आणि खरंच शेजारच्या खोलीत जाऊन बसायचं, संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. प्रमुखांना हे फार जड जातं. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा तासाभरातच कळलं की बॅकअपची हार्ड डिस्क ज्या इमारतीत सर्व्हर आहे त्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. हे आम्हाला कुठल्याही कन्सल्टंटने सांगितलं नव्हतं, एका कनिष्ठ लिपिकेने विचारलं, 'मॅडम, पाणी आलं तर दोन्ही एकदमच जाणार ना?' पुढच्या आठवड्यात ती डिस्क दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयात गेली.

(नंतर एका अधिकाऱ्यांनी विचारलं की हे सगळं वरून जीआर, म्हणजे शासन निर्णय, आल्याशिवाय करता येतं का.)

बरंच करता येतं. वित्तीय अधिकार कुणाला द्यायचे यासाठी शासनाची मंजुरी लागते, तो प्रस्ताव आजच पाठवा, त्याला वेळ लागतो आणि पाऊस थांबत नाही. पण अत्यावश्यक कामांची एका पानाची यादी, सहीचा क्रम, कंत्राटी कर्मचाऱ्यांसकट फोनची यादी कागदावर छापून प्रत्येकाच्या घरी, बॅकअप दुसऱ्या गावात, आणि एक दिवस साहेबांशिवाय सराव, याला कार्यालयप्रमुखाची ऑफिस ऑर्डर पुरते. आणि तुम्ही प्रमुख नसाल तर निदान आपल्या टेबलापुरतं करा, आपलं काम शेजारच्या टेबलावरच्याला येतं का ते उद्या विचारा, येत नसेल तर रोज अर्धा तास शिकवा. डोंगलचा अर्जही उद्याच टाका, नवी सही हातात येऊन सिस्टिममध्ये चढेपर्यंत बरेच दिवस जातात.