अलीजन्स : चारचौघांत सांगायची निष्ठा

नमस्कार मंडळी! आजचा शब्द अलीजन्स. अर्थ चटकन उरकतो, कारण किस्सा भारी आहे. अलीजन्स म्हणजे निष्ठा, पण मनातल्या मनात ठेवायची नाही हां, राजाला, देशाला किंवा संविधानाला चारचौघांत शब्द देऊन जाहीर करायची. आपल्या मोत्याची असते ती लॉयल्टी, तो कुठे शपथ घ्यायला जातो! आणि इंग्रजीत अलीजन्सच्या मागे 'टू' येतो, अलीजन्स टू द क्राउन वगैरे.

तर किस्सा चार्ल्स ब्रॅडलॉचा. १८८० साली हा गडी नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला, आणि पक्का नास्तिक. खासदारकीसाठी राणीशी अलीजन्सची शपथ घ्यायची, तीही देवाला स्मरून. हा म्हणाला, शपथ नको, मी नुसतं गांभीर्याने सांगतो. नाही म्हणाले. बरं, मग घेतो शपथ. तर म्हणे तू देव मानत नाहीस, तुझी शपथ कसली! म्हणजे इकडून आड तिकडून विहीर. एक रात्र त्याला बिग बेनच्या त्या टॉवरमध्ये कोंडलं, पुढच्या वर्षी धक्के मारून बाहेर काढलं, आणि १८८२ ला पठ्ठ्याने खिशातून कागद आणि पुस्तक काढून स्वतःच स्वतःला शपथ दिली! तीही चालली नाही. सीट जायची, नॉर्दम्प्टनवाले परत त्यालाच निवडून द्यायचे. (मतदार असावेत तर असे, आपण दर पाच वर्षांनी फक्त कुरकुर करतो.) शेवटी १८८६ ला नव्या स्पीकरने सगळ्यांना गप्प केलं आणि शपथ झाली. १८८८ ला त्यानेच कायदा करून घेतला, देवाचं नाव न घेताही चालेल असा. आणि १८८९ ला मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला हा चक्क पाहुणा म्हणून आला होता बरं का!

आपल्या संविधानात दोन्ही सोयी आहेत, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. पुढे 'संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा' येतं, त्यातली निष्ठा म्हणजेच इंग्रजी मजकुरातला अलीजन्स. पुन्हा सांगतो, जाहीर निष्ठा. पुढच्या शपथविधीला नीट ऐका कोण काय म्हणतंय, फक्त त्या न्यूज चॅनलचं म्युझिक मधे कडमडलं नाही तर!