पाठमोरा विठोबा

नमस्कार मंडळी.

आषाढी एकादशीला गावाकडचे लोक पावसात चालून पंढरीला पोचलेले असतात आणि आपण इथे मेलबर्नच्या थंडीत हीटरजवळ बसून साबुदाण्याची खिचडी खातो. आरती मात्र दोन्हीकडे तीच, आणि तिच्यातला देव अठ्ठावीस युगे विटेवर उभाच आहे. जागचा न हलणारा हा देव अडचणीत सापडलेल्या माणसाच्या काय उपयोगाचा, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

२०२० साली माझे वडील गेले. सीमा बंद होत्या, मला जाता आले नाही. अंत्यदर्शन फोनवर घेतले. मध्येच रेंज गेली आणि चित्र गोठले ते भावाच्या चपलांवर. आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी, वडिलांनीच पंढरपूरहून आणलेली वीतभर पितळी मूर्ती असते. त्या रात्री मी तिचे तोंड भिंतीकडे फिरवले. आईवडिलांची सेवा चालली आहे म्हणून पुंडलिकाने ज्याला वीट टाकून ताटकळत ठेवले, त्याच्यासमोर बापाच्या शेवटच्या घटकेला न पोचलेल्या मुलाने कोणत्या तोंडाने उभे राहायचे? रागापेक्षा लाजच अधिक होती, हे आज कबूल करतो. देव परीक्षा पाहतो, असे तेव्हा अनेकांनी समजावले. मला ते अजूनही पटलेले नाही.

त्या दिवसांत मी तुकोबांची गाथा उघडली. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, मान गेला आणि एक बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात नोंदवून ठेवले आहे. आणि त्याच अभंगात थोडे पुढे, देवाचे देऊळ भंगले होते ते नीट करावे असे मनात आले, असेही ते सांगतात. घर कोसळलेल्या माणसाने देवळाच्या भिंती सावरायला घ्याव्यात, हे व्यवहाराला धरून नाही. पण सगळे पायाखालून सरकल्यावर माणूस आधी पाय टेकायला जागा शोधतो, असे मला त्यातून दिसते. हेच तुकोबा दुसरीकडे ‘माझ्या लेखी देव मेला’ असेही त्राग्याने म्हणून मोकळे झाले, आणि जनाबाईने तर विठोबाला सरळ शिव्याच घातल्या. इतके बोलून घेऊनही जो रुसून उठून जाणार नाही, याची खात्री असते, त्याच्याशीच माणूस असे भांडू शकतो. मित्राला दोनदा तोडून बोलले, तर तिसऱ्यांदा तो फोन उचलत नाही.

यात एक खुलासा हवा. पंढरीची मूर्तीसुद्धा झिजते, तिला वज्रलेप करावा लागतो. परचक्राच्या काळात ती हलवून लपवल्याच्या हकिकती आहेत. २०२० साली तर पायी वारीच निघाली नाही आणि पादुका एसटीने पंढरीला गेल्या. दगड, वाट, रीत हे सारे बदलत आले आहे. टिकून आहे ते वाट पाहत उभे राहणे, आणि वारकरी ज्याला देवाचा स्वभाव म्हणतात तो हाच, असे मी समजतो.

दोनतीन आठवड्यांनी रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आले, की मी मोठ्याने बोलतो आहे. वडिलांचा रक्तदाब, बंद विमाने, त्या चपला, सगळे एकेक करून सांगत होतो आणि मधूनमधून जाब विचारत होतो, तोही त्या पाठमोऱ्या मूर्तीला. उत्तर काही आले नाही. झोप मात्र त्या रात्री लागली.

मूर्ती सरळ केली ती आणखी आठवड्याने, आणि तीही भक्तीने नव्हे. हळदीचा डबा सांडला होता, म्हणून ती पुसायला घेतली होती.